वाळा आणि कोलनवॉटर : रोजच्या दोन ताज्या सुगंधांचा तौलनिक विचार

सुगंधी द्रव्यांच्या बाजारात ‘ताजा’ या विशेषणाचा वापर आज इतका सैल झाला आहे की लिंबाची साल, समुद्राचा वारा, धुतलेले कापड, पुदिना आणि पहिल्या पावसाची माती हे सगळे एकाच खणात बसवले जातात आणि त्यांच्यातला फरक सांगण्याची गरज ना विक्रेत्याला वाटते ना गिऱ्हाइकाला. दुकानात कागदाची पट्टी नाकाशी धरली जाते, दोन श्वासांत पसंती ठरते आणि बाटली घरी येते. वास्तविक रोज अंगावर घ्यायच्या सुगंधाची परीक्षा सकाळच्या आंघोळीनंतर सुरू होते, लोकलच्या गर्दीतून, दुपारच्या उन्हातून आणि कचेरीतल्या वातानुकूलित हवेतून जाते आणि संध्याकाळी सदरा उतरवला जातो तेव्हा कोठे पुरी होते. त्यामुळे ताज्या सुगंधाची पारख करताना तो पहिल्या क्षणी कसा दरवळतो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महाराष्ट्राच्या हवेत तो तासातासाला कसा वागतो याला महत्त्व दिले पाहिजे. या कसोटीवर येथे दोन सुगंधांची तुलना करावयाची आहे : एक वाळ्याचे अत्तर आणि दुसरे कोलनवॉटर.

ही जोडी वरवर पाहता विजोड वाटेल. वाळा हे भारतातल्या एका गवताचे मूळ आहे आणि त्याचा अर्क तांब्याच्या भांड्यात, पाण्याच्या वाफेवर, सावकाश उतरवला जातो. कोलनवॉटर म्हणजे लिंबूवर्गीय फळांच्या सालींची आणि फुलापानांची तेले शुद्ध मद्यार्कात विरघळवून केलेले, अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत नावारूपाला आलेले द्रव्य आहे. तरीही मराठी घरांत या दोघांनी शेजारीशेजारी वास्तव्य केले आहे. उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी पडते, दिवाळीच्या अभ्यंगासाठी कालवलेल्या उटण्यात नागरमोथा, कचोरा आणि आंबेहळदीबरोबर वाळा असतो, आणि विदर्भात कूलरच्या जाळीत खसच्या, म्हणजे वाळ्याच्याच, ताट्या बसवल्या जातात. दुसरीकडे तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर यूडीकोलनच्या, म्हणजे कोलनवॉटरच्याच, घड्या ठेवणे ही मागच्या पिढ्यांतील शुश्रूषेची ठरलेली रीत होती. दोन्ही द्रव्यांना लोकांनी एकच गुण चिकटवला, तो म्हणजे थंडावा. हा थंडावा दोन अगदी वेगळ्या मार्गांनी निर्माण होतो.

त्यासाठी बाष्पनशीलता ही संकल्पना समजून घ्यावी लागते. एखादा पदार्थ साध्या तापमानाला किती चटकन वाफ होऊन हवेत मिसळतो, या त्याच्या प्रवृत्तीला बाष्पनशीलता म्हणतात. नाकाला वास येतो तो पदार्थाच्या हवेत उडालेल्या रेणूंचा. त्यामुळे जो पदार्थ चटकन उडतो त्याचा वास चटकन आणि ठसठशीत येतो, पण तितक्याच लवकर संपतो, आणि जो जड असतो तो हळूहळू, मंदपणे, पण दीर्घकाळ येत राहतो. लिंबूवर्गीय तेलांतील मुख्य घटक लिमोनीन हा दहा कार्बन-अणूंचा हलका रेणू आहे. अशा रेणूंना मोनोटर्पीन म्हणतात. वाळ्याच्या तेलातील बहुतेक घटक पंधरा कार्बन-अणूंचे, म्हणजे सेस्क्विटर्पीन वर्गातले असतात, आणि त्यांपैकी कित्येकांना ऑक्सिजनचा अणूही जोडलेला असल्याने ते आणखी जड व चिकट होतात. सुगंधकार, म्हणजे अनेक तेले व रसायने मेळवून सुगंध रचणारे कारागीर, आपल्या रचनेचे वरचा थर, मधला थर आणि तळ असे तीन भाग मानतात. वरचा थर मिनिटांत, मधला तासांत आणि तळ दिवसभरात उलगडतो. या परिभाषेत सांगायचे तर कोलनवॉटर जवळजवळ संपूर्णपणे वरच्या थराचे बनलेले आहे आणि वाळा हा जवळजवळ निव्वळ तळ आहे. दोघांच्या गुणदोषांचे बरेचसे स्पष्टीकरण या एका भेदात मिळते.

कोलनवॉटरचा इतिहास जोवानी मारिया फारिना या इटालियन सुगंधकाराशी जोडलेला आहे. त्याचा जन्म 1685 मध्ये उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतातल्या सांता मारिया माज्जोरे या डोंगराळ गावी झाला. ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरात त्याच्या घराण्याची पेढी 1709 मध्ये स्थापन झाली आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहे. त्याआधी एक वर्ष, 1708 मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याला साधलेल्या सुगंधाचे वर्णन इटलीतील वसंतातल्या सकाळीशी, डोंगरातल्या नर्गिसाच्या फुलांशी आणि पावसानंतरच्या संत्र्याच्या बहराशी नाते सांगणारे असे केले होते. त्या काळी युरोपातील श्रीमंतांची भिस्त कस्तुरी, अंबर आणि जवादी मांजरापासून मिळणारे गंधद्रव्य यांसारख्या जड, प्राणिज पदार्थांवर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या पातळ आणि उजळ पाण्याने केवढा पालट घडवला असेल, याची कल्पना येते. पुढे अनेकांनी त्याची नक्कल केली. त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेल्या ‘4711’ या कोलनची कूळकथा विल्हेल्म म्यूलहेन्स या व्यापाऱ्याला 1792 मध्ये लग्नाच्या आहेरादाखल एका मठवासी साधूने दिलेल्या कृतीपासून सांगितली जाते. ती कथा खरी मानण्याचे कारण नाही. फ्रेंच फौजांनी शहर ताब्यात घेतले त्या सुमारास घरांना क्रमांक दिले गेले, आणि ग्लोकनगास या गल्लीतील म्यूलहेन्सच्या घराला मिळालेला क्रमांकच पुढे व्यापारचिन्ह झाला, एवढे मात्र खरे.

आरंभी हे पाणी औषध म्हणूनही विकले जाई. ते प्यायले जाई, साखरेच्या खड्यावर घेतले जाई आणि जखमांना लावले जाई. 1810 मध्ये नेपोलियनच्या राजवटीने गुप्त औषधांच्या कृती उघड करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कृती जाहीर करण्याऐवजी उत्पादकांनी आपला माल औषध नसून केवळ सुगंध असल्याचे सांगण्याचा मार्ग पत्करला. कपाळावरच्या घड्यांची मराठी रीत हा त्या जुन्या औषधी प्रतिष्ठेचा दूरवर टिकलेला अवशेष मानता येईल. मद्यार्काची वाफ होताना ती त्वचेतील उष्णता ओढून घेते, त्यामुळे रुग्णाला क्षणभर बरे वाटे; मात्र मद्यार्क त्वचेतून आणि श्वासातून शरीरात शिरतो, म्हणून लहान मुलांच्या तापासाठी हा उपाय आता डॉक्टर वर्ज्य मानतात.

कोलनची पारंपरिक घडण समजायला सोपी, पण साधायला अवघड आहे. तिच्या केंद्रस्थानी बर्गमोट असते. हे लिंबू आणि संत्रे यांच्या कुळातले, हिरवट पिवळे, खायला कडवट असे फळ असून जगातील त्याचे बहुतेक उत्पादन इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या कालाब्रिया प्रांताच्या किनारपट्टीवर होते. सालीवर दाब देऊन काढलेल्या त्याच्या तेलात लिमोनीन आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे दोन घटक मिळूनच निम्म्याहून अधिक भाग व्यापतात. पहिल्याने सालीचा चुरचुरीत आंबटपणा येतो आणि दुसऱ्याने त्याला गोडसर, फुलांकडे झुकणारी मऊ कड येते. त्याच्या जोडीला लिंबू, कडू संत्र्याच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे नेरोली तेल, त्याच झाडाच्या पानाफांद्यांतून येणारे पेटिग्रेन तेल, आणि लव्हेंडर व रोझमेरी यांसारख्या वनस्पती येतात. एवढे सगळे मिळून तेलांचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्केच असते, उरलेला भाग मद्यार्क व पाण्याचा. तळहातावर चांगले ओंजळभर घेऊन मान, दंड आणि छातीवर चोळावे, असेच हे द्रव्य आहे. त्याचा एक थेंब लावण्यात काही अर्थ नाही. तुर्कस्तानात ‘कोलोन्या’ या नावाने ते पाहुण्याच्या हातावर ओतण्याची प्रथा आजही घरोघर आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्यांतही पाळली जाते, आणि तेथेही ते सढळ हातानेच ओतले जाते.

वाळ्याकडे वळताना काळाचे मोजमापच बदलते. क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस हे शास्त्रीय नाव असलेले हे गवत जमिनीवर दीड-दोन मीटर वाढते, पण त्याचे खरे ऐश्वर्य मातीखाली असते. त्याची बारीक, दाट मुळे आडवी न पसरता सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जाऊ शकतात. संस्कृतात याला उशीर म्हणतात. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी विरहाने पोळलेल्या शकुंतलेसाठी उशीराचा लेप नेला जातो. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाचे शास्त्र सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातही वाळ्याला स्थान आहे. या परंपरेचा एक दुवा थेट मराठीपर्यंत पोहोचतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय प्रसाधनांच्या इतिहासावर लेखमाला लिहिली, तेव्हा ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथाच्या मराठी टीकेसह असलेल्या एका दुर्मीळ हस्तलिखिताकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुगंध तयार करण्याच्या तंत्रावर काही शतकांपूर्वी मराठीत भाष्य लिहावेसे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट मराठी वाचकांत जेवढी माहीत असायला हवी तेवढी ती नाही, याची खंत येथे नोंदवणे आवश्यक आहे.

थंडाव्यासाठी वाळ्याचा उपयोगही जुना आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडून थंड केलेल्या दालनांचा उल्लेख केला आहे. ताटीवरचे पाणी वाऱ्याबरोबर वाफ होते, हवा थंड होते आणि त्या हवेबरोबर मुळांचा ओलसर, मातकट गंध घरभर फिरतो. पाण्याने दिलेला हा गारवा आणि मुळाने दिलेला गंध अनेक पिढ्यांच्या नाकात एकत्र बसले, आणि त्यातून वाळ्याचा वास आला की अंगाला गार वाटू लागावे, असा संस्कार घडला असावा. कोलनचा गारवा त्वचेवर प्रत्यक्ष घडतो आणि दोन मिनिटांत ओसरतो. वाळ्याचा गारवा स्मृतीतून येतो आणि गंध असेपर्यंत राहतो.

वाळ्याच्या अर्काची उत्तर प्रदेशातील कनौज येथे चालणारी निर्मिती मुद्दाम बारकाईने पाहण्यासारखी आहे. कनौजच्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने विकला जाणारा माल त्या परिसरातच तयार झालेला असला पाहिजे, असे कायद्याने मान्य झाले. तेथील पद्धतीला ‘देग-भपका’ म्हणतात. देग म्हणजे विटांच्या भट्टीवर चढवलेले तांब्याचे मोठे हंडे. खणून, धुऊन, वाळवलेली मुळे पाण्यात भिजत घालतात, ती देगीत भरून वर पाणी घालतात, झाकण बसवून त्याची फट माती आणि कापसाच्या लगद्याने लिंपतात आणि खाली लाकूड व गोवऱ्यांचा जाळ करतात. देगीतून निघालेली वाफ चोंगा नावाच्या, दोरीने गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या तांब्याच्या घड्यात उतरते. हा घडा पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो. भट्टीवरचा कारागीर त्याला हात लावून त्याच्या उष्णतेवरून जाळ कमी करायचा की वाढवायचा ते ठरवतो. गरज पडली तर ओले फडके देगीवर टाकून वाफ आवरतो. तेथे तापमापक नसतो आणि त्याची उणीवही भासत नाही. वाळ्याचे जड घटक सहजी सुटत नाहीत, म्हणून ही भट्टी फुलांच्या भट्टीपेक्षा खूपच अधिक काळ चालवावी लागते, आणि शंभर किलो मुळांमागे जेमतेम किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तेल हाती येते.

येथे दोन संज्ञांतला भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घालून ठेवले आणि त्यात वाफेचा गंध मुरवला तर तयार होते ते ‘अत्तर’. भपका रिकामा ठेवून पाण्यावर तरंगलेले निव्वळ तेल वेगळे केले तर ती ‘रूह’. ‘रूह खस’ ही वाळ्याची रूह घट्ट, सावकाश ओघळणारी असते आणि तांब्याच्या संसर्गामुळे तिच्यावर हिरवी झाक येते. बाजारातल्या खस सरबताला हिरवा रंग देण्यामागे हीच झाक असण्याचा संभव आहे. मुळे स्वतः पिवळसर तपकिरी असतात.

सर्व वाळा एकसारखाही नसतो. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात आणि राजस्थानातील भरतपूरच्या परिसरात उगवणारा रानटी वाळा फुलतो आणि त्याला बी धरते. दक्षिणेत लागवडीखाली असलेला वाळा सहसा बी धरत नाही आणि त्याचे ठोंब लावून वाढवतात. दोन्हींच्या तेलांची रासायनिक घडण वेगळी आहे. परदेशी सुगंधकार वापरतात तो मुख्यतः हैती देशातला वाळा. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, अर्थात ‘सीमॅप’ने, केएस-1, धारिणी, गुलाबी, केशरी अशा निवडक जाती विकसित केल्या आहेत. वाळ्याच्या तेलात शंभराहून अधिक घटक आहेत. खुसिमॉल आणि दोन प्रकारचे व्हेटिव्होन हे त्यांतले प्रमाणाने मोठे. पण वाळ्याचा ‘वाळेपणा’ नेमका कशात आहे, हे दीर्घकाळ कोडेच राहिले होते. 2021 मध्ये रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत रेणू घडवून दाखवून दिले की तेलात अत्यल्प प्रमाणात असलेला एक कीटोन त्या गंधाचा खरा धनी आहे. याच लिस्ट यांना त्या वर्षी, वेगळ्या मूलभूत कामासाठी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता दोन्ही सुगंध शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. जाड शोषकागदाच्या दोन पट्ट्यांवर एकीकडे कोलनचे चार थेंब आणि दुसरीकडे रूह खसचा काडीभर स्पर्श दिला, तर पहिल्या मिनिटाला कोलन निर्विवाद सरस ठरते. सालीतला उजेड, फुलांची कोवळीक आणि मद्यार्काचा झणका यांनी नाक एकदम जागे होते, तर वाळा त्या वेळी कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा, काहीसा हिरवा आणि उग्र वाटतो. बहुसंख्य गिऱ्हाइके वाळा नाकारतात ती याच क्षणी. अर्ध्या तासाने कोलनच्या पट्टीवर नेरोलीची एक पुसट, साबणासारखी खूण उरते आणि वाळ्याचा उग्रपणा बसून त्यातली ओली माती वर येते. दोन तासांनी पहिली पट्टी जवळजवळ कोरी झालेली असते. दुसरी मात्र तेव्हा कोठे बोलू लागते : मातीखालून लाकूड, लाकडाखालून किंचित धूर, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक कोरडा गोडवा. दुसऱ्या दिवशीही ती पट्टी वाळ्याचीच असल्याचे ओळखू येते.

कागदावरचा हा निकाल अंगावर जसाच्या तसा लागू होत नाही, कारण त्वचेचे तापमान बत्तीस-चौतीस अंशांच्या घरात असते आणि ती घामाने ओली असते. मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उष्म्यात कोलन इतक्या वेगाने उडते की त्याचा गारवा हवाहवासा वाटला तरी गंध रस्ता ओलांडेपर्यंतही पुरत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो गंधाला अंगावरून धुऊन नेतो. तेथे कोलन दिवसातून तीन-चार वेळा लावावे लागते, आणि ते ज्यांना शक्य असते त्यांना ते लखलाभ असो. तेलात मुरलेला वाळा पाण्याशी सहज मिसळत नसल्याने घामापुढे अधिक टिकाव धरतो, आणि त्याचा स्वभावच मातकट असल्यामुळे घामाच्या वासाशी तो भांडण न काढता त्याला आपल्यात सामावून घेतो. गोड फुलांची अत्तरे दमट हवेत अनेकदा गुदमरवणारी होतात. वाळा तसा होत नाही. हा त्याचा गुण या तुलनेत सर्वांत मोलाचा मानला पाहिजे.

रोजच्या वापरात दुसऱ्यांचाही विचार करावा लागतो. लोकलचा डबा, वर्ग, दवाखाना आणि बंद खोलीतली बैठक या ठिकाणी एकाच्या अंगावरचा सुगंध दहाजणांना सोसावा लागतो. कोलन या बाबतीत अत्यंत सभ्य आहे. शेजाऱ्याला त्याचा त्रास होण्याआधी ते निघून गेलेले असते. वाळा अंगालगत राहतो, फार दूर पसरत नाही, पण प्रमाण चुकले तर तो दिवसभर मागे घेता येत नाही. नाकाचा एक धर्म येथे घात करतो : एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो, याला घ्राण-अनुकूलन म्हणतात. त्यामुळे वाळा लावणाऱ्याला तासाभराने तो उडून गेल्यासारखा वाटतो आणि तो पुन्हा लावतो. असे करू नये. मनगटाला किंवा कानामागे काडीचा एक स्पर्श, अथवा जुन्या रीतीप्रमाणे कानाच्या पाळीत अत्तराचा एक फाया, एवढे पुरे असते.

त्वचेच्या दृष्टीने कोलनबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. सालीतून दाबून काढलेल्या बर्गमोट तेलात बर्गॅप्टीन नावाचा घटक असतो; तो त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि मागाहून तपकिरी ओघळांसारखे डाग राहतात. विसाव्या शतकात कोलन वापरणाऱ्यांच्या मानेवर असे डाग पडल्याची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी केली, आणि आज आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने उन्हात जाणाऱ्या त्वचेवरील उत्पादनांत साध्या बर्गमोट तेलाचे प्रमाण 0.4 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. मोठे उत्पादक बर्गॅप्टीन काढून टाकलेले तेल वापरतात. शिवाय हवेच्या आणि उजेडाच्या संपर्काने लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला खाज आणणारी द्रव्ये तयार होतात, म्हणून उन्हाच्या खिडकीत वर्षानुवर्षे पडलेली बाटली अंगाला लावू नये. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर मद्यार्क झोंबतो तो वेगळाच. वाळ्याच्या बाबतीत धोका त्वचेपेक्षा कपड्यांना अधिक आहे. पांढऱ्या सुती सदऱ्यावर रूहचा डाग पडला की तो सहजी निघत नाही. साठवणीत मात्र तो कोलनच्या अगदी उलट वागतो : बंद कुपीत, अंधारात, काळ जाईल तसा त्याचा उग्रपणा उतरतो आणि तो अधिक गोल होतो.

किंमत आणि शुद्धता हा वाळ्याचा दुबळा भाग आहे. चंदनाचे तेल अतोनात महागल्यापासून पुष्कळशी ‘अत्तरे’ लिक्विड पॅराफिनसारख्या गंधहीन, स्वस्त तेलांत कृत्रिम सुगंध मिसळून बनवली जातात, आणि हिरवा रंग घातलेले, शेंदाडासारखे गोडूस द्रव्य ‘खस’ म्हणून खपवले जाते. अस्सल वाळ्याला असा गोडूसपणा मुळीच नसतो, आणि पहिल्या मिनिटाला तो थोडा तरी उग्र लागतोच. जो लगेच गोड लागतो त्याबद्दल शंका घ्यावी. दुसरी अडचण पर्यावरणाची आहे. हेच गवत बांधावर लावले तर माती धरून ठेवते, पण अर्कासाठी मुळे हवी असतात, आणि मुळे खणून काढली की झाडही जाते आणि मातीही मोकळी होते. खणताना तोडलेले ठोंब लगोलग परत लावणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे, आणि लागवडीच्या वाळ्याला रानटी वाळ्याइतकीच प्रतिष्ठा बाजारात मिळाल्याशिवाय तो सार्वत्रिक होणार नाही.

दोन्ही सुगंधांनी एकमेकांच्या उणिवा भरून काढाव्यात, हे युरोपीय सुगंधकारांनीही ओळखले. पॅरिसच्या गेर्लेन पेढीने 1959 मध्ये बाजारात आणलेल्या ‘व्हेटिव्हर’ या सुगंधात वर लिंबूवर्गीय उजेड आणि खाली वाळ्याचा तळ अशी बांधणी आहे, आणि तो आजही विकला जातो. पुढे 1966 मध्ये एदमों रुदनित्स्का याने दिओर पेढीसाठी घडवलेल्या ‘ओ सोव्हाज’मध्ये हेडिओन या कृत्रिम, मोगरा-जाईच्या कुळातल्या रेणूची जोड देऊन कोलनचा उजळपणा अधिक वेळ टिकवला; आणि 1988 च्या ‘कूल वॉटर’ या सुगंधापासून डायहायड्रोमर्सेनॉल या रेणूच्या धातूसारख्या थंड वासाने सगळा बाजार व्यापला. आज डिओडरंटच्या फवाऱ्यांतून ‘फ्रेश’ म्हणून जे येते त्यात या रेणूचा मोठा वाटा असतो. तो वास वाईट नाही. पण सगळीकडे तोच आहे, आणि त्यामुळे ताजेपणा म्हणजे एवढेच, अशी एका पिढीची समजूत होऊ लागली आहे, ही चिंतेची बाब आहे.

महाराष्ट्रात रोज लावण्यासाठी एकच सुगंध निवडायचा असेल, तर तो वाळा असावा. पहिल्या पाच मिनिटांत कोलन जिंकते, उरलेल्या दिवसभरात वाळा. आणि दिवस पाच मिनिटांचा नसतो. कोलनचे स्थान हातरुमालावर, प्रवासाच्या पिशवीत आणि दुपारच्या चेहरा धुण्यानंतर आहे, आणि तेथे त्याची बरोबरी वाळा करू शकत नाही. दोन्ही बाळगणे ज्यांना परवडेल त्यांनी सकाळी वाळ्याचा एक स्पर्श कानामागे द्यावा, दुपारी कोलन मानेवर चोळावे. दोघांत विसंवाद होत नाही. अत्तर आजही तोळ्यावर विकले जाते, पण पहिल्या खेपेस तोळा घेऊ नये. दोन-तीन मिलीलिटरची कुपी घ्यावी, पहिल्या वासावर निकाल देऊ नये, एक पूर्ण दिवस अंगावर वागवावी, आणि संध्याकाळी सदऱ्याच्या कॉलरला जो वास उरला असेल तो आवडला तरच पुढची खरेदी करावी.